तीन नंबरच्या बेडवरून

मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची शिफ्ट.
मिरजेत, दुसऱ्या मजल्यावर, चार तास
आमचं रक्त बाहेर फिरून येतं
आणि आम्ही पडल्या जागी.

सुई टोचून होते न होते
तोच तीन नंबरवरून आवाज:
"काय ओ, चहा बशीत ओतून पिता, का कपानंच?"

शकेरा मुलाणी. बुधगावात ब्लाऊज शिवतात.
मापं घेऊन घेऊन लागलेली खोड,
माणूस दिसला की काहीतरी विचारणारच.
एक नंबरचे पायगोंडा अण्णा,
हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षं दिवाणजी,
डोळे न उघडता म्हणतात, "बशी. कप म्हणजे घाई."
मी म्हणतो, कप.
झालं. पाऊण तास गेला.

झोपताना पंखा तीनवर, का पाचवर?
रस्त्यात ओळखीचा भेटला आणि नाव आठवेना,
तर तुम्ही काय करता?
मिसकॉल देणारा चिक्कू म्हणायचा, का हुशार?
एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं,
तुमच्या घरातल्या कुठं कुठं जाऊन आल्या?
"आमची तीनदा माहेरी," अण्णा म्हणाले,
"अर्ध्या तिकिटात पूर्ण भांडण."

ऑगस्टात प्रश्न आपोआप येतात.
भिंतीवरच्या टीव्हीत कोयनेचे दरवाजे,
खाली पट्टी सरकते: आयर्विन पुलापाशी छत्तीस फूट.
अडतीस होईल, का इथंच थांबेल?
आम्ही पैज लावतो फुटांवर,
आम्ही, ज्यांना दिवसाला आठशे मिली.
अलमट्टीची उंची वाढवू द्यावी का?
यावर अथणीचा टेक्निशियन बसवराज
नुसता मशीनकडं बघत राहतो.
एस्तर सिस्टर वजनकाट्यावर उभं करून
पोलिसासारखं विचारतात,
"दोन किलो जास्त. कुठं प्यालात?"
अण्णा खाली बघून म्हणतात, "कलिंगड."

चार नंबरवर नवा पोरगा आला, जतकडचा.
बिराप्पा. वय एकोणीस.
जर्किनची टोपी डोळ्यांपर्यंत.
पाच आठवडे शकेराबाई त्याला विचारत राहिल्या.
मोबाईल उशाशी ठेवतोस?
"हं."
रात्री स्वप्नं मराठीत पडतात, का कानडीत?
"हं."

त्या शुक्रवारी पट्टीवर एकेचाळीस आलं.
बोटी, छातीभर पाण्यातली म्हैस,
दत्ताच्या देवळाची नुसती शिखरं.
टोपी मागं सरकली.
"एवढं पाणी," तो म्हणाला.
"आमच्यात टँकर आला की शाळा सुटायची."
मग थोडं थांबून, कुणाकडंच न बघता,
"शेवटचं कधी प्यालासा?
तांब्याभर. न मोजता."

मशीनचा आवाज एरवी ऐकू येत नाही.
अण्णांनी डोळे उघडले.
मला हरिपूरच्या रस्त्यावरचा हापसा आठवला,
कुणीतरी दांडा मारत होतं,
मी ओंजळ धरलेली,
कोपरापर्यंत शर्टाची बाही चिंब.
साल आठवेना.
सांगितलं नव्हतं ना कुणी, की ही शेवटची.

"हा प्रश्न माझ्याकडं होता रे,"
तीन नंबरवरून आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक.
"तीन वर्षं झाली. काढला नव्हता."

सिस्टरनी टीव्हीचा आवाज वाढवला,
मग कमी केला.
बसवराजनं एक नळी तपासली, जी ठीकच होती.
आणि पोरगं घाबरलं,
आपण कुणाचं तरी काही सांडलं असं वाटून.

"बरं, ते असू दे," शकेराबाई म्हणाल्या.
"बिराप्पा, मला सांग,
भडंगाला लसूण ठेचून घालायचा, का चिरून?"

तो बराच वेळ विचार करत होता.
"ठेचून," म्हणाला.

"चिरून!" एक नंबरवरून अण्णा ओरडले,
ज्यांना भडंग बंद होऊन सहा वर्षं झाली,
"ठेचल्यावर करपतो की रे, लेका!
कुणी शिकवलं तुला?"